तिसऱ्या रिंगच्या आधी

बडोदे,
सोमवार, दुपार

प्रिय इंद्रा,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट उलटसुलट करून आईला पत्ता कसा मिळाला याचा विचार करत बसू नकोस, ते मी शेवटी सांगणार आहे. आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून आधीच दम देते: हे पत्र पहिल्या ओळीपासून वाच. तुझे बाबा खाली दाढी करायला गेलेत. बऱ्याच दिवसांनी आज आपणहून गेले. दाढी झाली की तिथेच पेपर चाळत बसतील, दांडिया बाजारातल्या येणाऱ्याजाणाऱ्याला राजकारण समजावतील आणि मग कठड्याला धरून थांबत थांबत वर येतील. तेवढ्यात माझं लिहून व्हायला हवं. तुला वाटेल, आईने फोन का नाही केला. फोनचं तू गेलास त्या दिवशीच ठरलं होतं. बाबा म्हणाले होते, या घरी पुन्हा फोन करायचा नाही. मीही म्हणाले होते, माझ्या मोबाईलवर चोरून फोन करू नकोस, बोलायचं तर दोघांशी बोल. ते मी आजही म्हणेन. पण पत्राबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. ही पळवाट तुझीच, मी फक्त गिरवते आहे.

तुझं जाणं मी उगाळत बसणार नाही. लग्न दुसऱ्या दिवशी, सानवीच्या हातावर मेंदी चढलेली, तुझी ताई तेजश्री पुण्याहून मुलांना घेऊन आलेली, आणि तू सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणालास, मला हे जमणार नाही. का, ते सांगितलं नाहीस, आणि आम्हीही ऐकून घ्यायच्या स्थितीत नव्हतो. सानवीचे वडील उदयसिंहराव म्हणजे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधले बाबांचे अर्ध्या आयुष्याचे सोबती. त्यांच्या दारात जाऊन हात जोडायची पाळी बाबांवर आली. परत आल्यावर ते चप्पलसुद्धा न काढता तुझ्या खोलीपाशी गेले आणि ते फोनचं वाक्य बोलले. तू बॅग उचललीस, मोबाईलचा नंबर बदललास आणि गेलास. कुठे, ते आम्हाला चार वर्षं कळलं नाही.

आणि मग त्या पावसाळ्यात एका रविवारी दिवेलागणीला घरातला फोन वाजला. दोन रिंगा झाल्या आणि थांबला. मी देवापुढे निरांजन लावत होते, बाबा झोपाळ्यावर होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही, पण तू या घरात वाढलास. बाबा कामावर डभोईला, मियागावला जायचे तेव्हाची ही पद्धत. पोचल्यावर बूथवरून घरी फोन लावायचा, दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे पोचलो, सुखरूप आहे. उचलायचा नाही, उचलला की पैसे पडले. बूथवाले वैतागायचे, बाबांना त्याचं काही नाही. तिसरी रिंग वाजली तर काहीतरी काम आहे असं समजायचं. त्यामुळे आपल्या घरी तिसऱ्या रिंगच्या आधी फोनला कुणी हात लावत नाही. तेजश्रीच्या सासूबाईंनी तर लग्न ठरताना तिला विचारलं होतं, तुमच्याकडे फोन फार लांब ठेवलाय का गं. बूथ गेले, मोबाईल आले, पद्धत राहिली. तू कॉलेजच्या सहलीवरूनही दोन रिंगा द्यायचास. आणि बाबांच्याच हिशेबाने न उचललेला फोन म्हणजे फोनच नव्हे. त्यांनी फोन करू नकोस म्हणून बजावलं होतं. तू फोन करत नव्हतास, नुसत्या रिंगा देत होतास. शब्द पाळायचा आणि माणसाला छळायचं, दोन्ही एकदम. असा आणखी एक हट्टी माणूस घरात असल्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं.

त्यानंतर रविवार चुकला नाही. दुपारची झोप झाली की बाबा धुतलेला शर्ट घालायचे, टीव्हीचा आवाज बारीक करायचे आणि वर्तमानपत्र उघडून एकच पान तासभर वाचायचे. रविवारी संध्याकाळी कुणी जेवायला बोलावलं तर त्यांचं पोट हमखास बिघडायचं. रिंगा झाल्या की नुसतं ‘हं’ म्हणायचे आणि मग त्यांना भूक लागायची. तुझं नाव कधी घेतलं नाही. एकदा मी पहिल्याच रिंगला उठले आणि रिसिव्हरवर हात ठेवला. उचलला असता तर तुझा आवाज ऐकला असता, एवढंच अंतर. बाबा म्हणाले, अहल्या, नको. त्याला एवढंच सांगायचंय, तेवढंच ऐकू या. तू उचललास आणि पुढच्या रविवारी त्याने दिल्याच नाहीत तर? मी हात मागे घेतला. मला त्यांचा संताप आला आणि त्यांचं पटलंही. समोर वाजणाऱ्या फोनकडे असे हात बांधून बघत बसणारे आईबाप दुसऱ्या कुठल्या घरात असतील असं मला वाटत नाही.

या नवरात्रात ती लाइन मेली. आधी दोन वर्षं खरखर होतीच, पावसात तर रिंगसुद्धा घसा बसल्यासारखी यायची. मग खालच्या गटारासाठी रस्ता खणला आणि एका सकाळी रिसिव्हर कानाला लावला तर आत काहीच नाही. बाबांनी तक्रार नोंदवली. ऑफिसातून सांगण्यात आलं की तांब्याच्या जुन्या तारा आता दुरुस्त करत नाहीत, तुम्ही फायबर घ्या, नंबर तोच राहील, इंटरनेटही मिळेल. बाबांना इंटरनेटशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी अर्ज भरताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, नंबर नक्की तोच राहील ना. खिडकीवरच्या बाईंनी मान डोलावली, बाबांनी ते कागदावर लिहून द्या म्हटलं, आणि मागे उभ्या असलेल्या लोकांनी गलका केला. मी त्यांना ओढून बाहेर आणलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं, आठवड्याभरात काम होईल.

पहिला रविवार गेला. फोन मेलेला होता हे आम्हाला माहीत होतं, तरी बाबांनी शर्ट बदलला. दिवेलागण झाली, निरांजन लावून झालं, फोन गप्प. तेजश्रीला मी मोबाईलवरून सांगितलं, आपला नंबर लावून बघ. ती म्हणाली, आई, रिंग जातेय की. तिला तिकडे रिंग ऐकू येत होती आणि इकडे बाबा रिसिव्हर हातात धरून उभे होते, त्यात साधी खुट्ट नाही. तेव्हा आमच्या लक्षात आलं. तू दर रविवारी फोन लावत असशील, तुला दोन रिंगा ऐकू येत असतील, आईबाबांना कळलं असं समजून तू ठेवून देत असशील. किंवा लावतही नसशील. किंवा तुला काही झालं असेल आणि लावणारा कुणी उरलाच नसेल. आम्हाला यातलं काहीही कळायला मार्ग नव्हता. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी जेवले, मला राग आला की मी जेवते.

दिवाळी आली. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर जो डबा आहे त्यात म्हणे जागा नव्हती. बोक्समां जग्या नथी, काका, असं फायबरचा माणूस रोज सांगायचा. नवा डबा बसला तर केबल नव्हती. केबल आली तर ती लावणारा माणूस गावाला गेलेला. बाबा फोन करायचे, माझ्या मोबाईलवरून, आणि पलीकडून तेच उत्तर यायचं, काले चोक्कस थई जशे. त्यांचं ते ‘उद्या नक्की’ ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. एकदा मीच स्कूटरवर मागे बसून ऑफिसात गेले आणि तिथल्या साहेबाच्या टेबलापाशी उभी राहून आधी गुजरातीत आणि मग, शब्द अपुरे पडले म्हणून, मराठीत बोलले. साहेबाने पाणी मागवलं. त्याला वाटलं, म्हातारीची कुठलीतरी मालिका बुडतेय. तो म्हणाला, माजी, मोबाईल तो छे ने, आटली शुं उतावळ? एवढी घाई कसली, ते मी काय सांगणार त्याला? माझा मुलगा जिवंत आहे की नाही ते मला या तारेतून कळतं, असं त्या टेबलासमोर मला म्हणवेना. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

याच सुमाराला जिना चढताना बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले, मग वारा म्हणाले. शेवटी मी धरून नेलं. तपासणीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण स्पष्ट बोलतात. बायपास करायला हवी, आणि वाट बघण्यासारखी गोष्ट नाही ही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तारीख द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, आधी घरातलं लाइनचं काम होऊ दे, अर्ज माझ्या नावावर आहे, सही माझी लागते. बाईंना वाटलं थट्टा करतायत. मला कळलं की करत नाहीयेत. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. उदयसिंहरावांच्या कानावर गेलं तसे ते इतक्या वर्षांनी आपल्या घरी आले, सानवीला घेऊन. ती इथेच, नदीपलीकडे अकोट्याला दिली आहे, तिला गोड मुलगी आहे. दोन्ही म्हातारे झोपाळ्यावर शेजारी बसून वर्कशॉपच्या गोष्टी करत राहिले, जणू मधे काही झालंच नव्हतं. सानवी स्वयंपाकघरात माझ्यामागे आली आणि म्हणाली, काकू, त्याने एक दिवस आधी सांगितलं ते बरं केलं, एक वर्षानंतर सांगितलं असतं तर मी कुठे गेले असते? तेव्हा मला समजलं की या जगात आता तुझ्यावर कुणी रागावलेलं उरलेलं नाही. बाबासुद्धा नाहीत. फक्त ते एक वाक्य उरलं आहे आणि ते मागे कसं घ्यायचं हे त्यांना येत नाही.

उत्तरायणाच्या आधी केबल गच्चीपर्यंत आली. वेटोळं करून टाकीपाशी ठेवून ते लोक गेले, आणि मग सगळं बडोदं पतंगात पडलं. जो तो म्हणे, उत्तरायण पछी, संक्रांत होऊन जाऊ दे. सणाच्या दिवशी गच्चीवर ही गर्दी, भोंगे, उंधियु-जिलेबीचे डबे, मांज्याची ओढाओढ. मी खाली तिळाच्या वड्या थापत होते. बाबा दिसेनात. शेजारची स्नेहलता धावत आली, काकी, जल्दी चलो. वर जाऊन पाहते तर बाबा टाकीच्या सावलीत खाली बसलेले, चेहरा पांढरा, घामाने शर्ट भिजलेला, आणि दोन्ही हातांनी ते केबलचं वेटोळं छातीशी धरलेलं. कुणाच्या मांज्याने कापली जाऊ नये म्हणून राखायला गेले होते, इंद्रा. ते जिने चढून. मी जिभेखाली गोळी ठेवली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चारी बाजूंनी लोक ‘काप्यो छे’ म्हणून ओरडत होते. जरा रंग आल्यावर मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की शेजाऱ्यांनी भोंगा बंद केला.

त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. खाली आणून पलंगावर निजवलं तेव्हा म्हणाले, अहल्या, मी टेबलावर असताना त्याची रिंग आली आणि घरात कुणी नसलं तर? मी म्हटलं, लाइनच मेली आहे, रिंग येणार कुठून. म्हणाले, तेच तर. छाती उघडून घ्यायला मी घाबरत नाही, पण तो आहे हे एकदा कळू दे, मग मला कुठेही ने. मी त्या फायबरच्या माणसाला फोन लावला आणि फोनवरच रडले. आजवर मी परक्यासमोर रडले नव्हते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बुधवारचा पलंग धरून ठेवते, सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही सांगा, यापुढे मात्र मला जबाबदार धरू नका. रक्ताच्या तपासण्या तेवढ्या उरकून घ्या, म्हणाल्या. मागच्या शुक्रवारी त्यासाठी आम्ही गेलो आणि परत आलो तर दारात तो फायबरवाला उभा.

काम तासाभराचं निघालं. भिंतीला एक भोक, एक पांढरा डबा, त्यावर लुकलुकणारे हिरवे दिवे. तेजश्रीने पुण्याहून नवा फोन पाठवला होता, वर काचेची पट्टी असलेला. त्याने तो जोडला आणि बाबांच्या हातात रिसिव्हर दिला. आत सूर ऐकू आला. बाबांनी तो इतका वेळ कानाला धरून ठेवला की त्या माणसाला वाटलं काही बिघाड आहे. मग बाबांनी विचारलं, लाइट गेली तर? तो म्हणाला, तो बंध. बाबांनी त्याच पावली वरदला, खालच्या इलेक्ट्रिकवाल्याला, बॅटरी आणायला पाठवलं. जाता जाता तो माणूस कौतुकाने म्हणाला, काका, हवे तो कोनो फोन छे ए पण देखाशे. काचेच्या पट्टीवर नंबर उमटेल आणि फोन तो लक्षातही ठेवील. बाबा पट्टीकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, हे काढता येतं का? तो हसला, म्हणाला, लोक हे मिळावं म्हणून पैसे भरतात. तो गेल्यावर बाबांनी रक्त दिल्यावर कोपराच्या लवणीत लावलेली पांढरी चिकटपट्टी सोलून काढली आणि त्या काचेवर लावून टाकली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, त्याला नंबर द्यायचा असता तर त्याने दिला असता. चोरून कशाला बघायचा? पट्टी वाकडी बसली होती. मी ती काढून सरळ लावली आणि अंगठ्याने चारी कोपरे दाबले. का कोण जाणे, मला ते पटलं.

शनिवारी फोन वाजला. आम्ही दोघंही जागच्या जागी उभे. तिसरी रिंग, चौथी. उचलला तर कुणी तरी कर्ज देऊ करत होतं. बाबा त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काल रविवार. सकाळपासून त्यांनी तीनदा रिसिव्हर उचलून सूर ऐकला, आणि मग स्वतःच घाबरले की उचललेला असतानाच तुझी रिंग आली तर. दिवेलागण झाली. मी निरांजन लावलं. फोन वाजला. एक. दोन. मी डोळे मिटले. तीन. पलीकडून तेजश्री, आई, आली का गं रिंग? बाबांनी रिसिव्हर माझ्या हातातून घेतला आणि ओरडले, लाइन मोकळी ठेव, मूर्ख मुली! ती बिचारी रडकुंडीला आली असेल. मग पुन्हा शांतता. खालच्या देवळातली आरती संपली, दुकानांची शटर पडायला लागली. इतक्या महिन्यांत तू कंटाळला असशील, एकतर्फी रिंगा किती दिवस कोण देईल, असं मी मनाशी म्हणत होते. तसं म्हणणं सोपं होतं. खरं जे मनात येत होतं ते मी आत्ताही लिहू शकत नाही. बाबा छातीवर हात ठेवून बसले होते आणि मला विचारायची हिंमत नव्हती की दुखतंय का.

आणि वाजला. मी कशी उठले मला माहीत नाही, माझा हात रिसिव्हरवर होता. बाबांचा हात येऊन माझ्या हातावर पडला. मला वाटलं अडवतायत, पण त्यात जोरच नव्हता, नुसता ठेवलेला होता. दुसरी रिंग आमच्या दोघांच्या हातांखाली वाजली, खणखणीत, कसलीही खरखर नाही. मग थांबली. आम्ही तिसरीची वाट पाहिली. आली नाही. बाबा म्हणाले, पोचला. आणि मग तिथेच फोनच्या स्टुलापाशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. तुझे आजोबा गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. उठल्यावर त्यांनी तोंड धुतलं, भात मागितला, आणि ताटावर बसून म्हणाले, त्या डॉक्टरीणबाईंना सांग, बुधवारी येतो.

आता पत्त्याचं. आज सकाळी बाबा आंघोळीला गेले आणि मी ती चिकटपट्टी सोलली. मला तुझ्या बाबांएवढं मन मोठं ठेवता येत नाही, मी आई आहे. पट्टी पुन्हा वाकडी झाली होती, एक कोपरा सुटला होता, पण घाईत माझं तिकडे लक्ष नव्हतं. फोनने नंबर लक्षात ठेवला होता. मोबाईलचा नव्हता. मला वाटलं होतं बंगळूर असेल, परदेश असेल. तो बडोद्याचा होता, इंद्रा. इथला. मी तो लावला. एक बाई बोलल्या, शाळेचं नाव सांगितलं, मूकबधिर मुलांची, अकोट्याची. मी तुझं नाव घेतलं तर म्हणाल्या, सर तो क्लासमां छे, तमे कोण? मी एवढंच विचारलं, किती दिवस झाले ते तिथे आहेत? त्या म्हणाल्या, वरस थयुं, अहीं ज रहे छे. मी फोन ठेवला. नदीच्या पलीकडे. वर्षभर तू पुलापलीकडून आम्हाला पोचलो म्हणून सांगत होतास. मला हसावं की तुझे कान धरावेत हे कळेना. मी पट्टी परत लावली आणि कुकर चढवला.

दुपारी बाबा जेवायला बसले. ताक पिऊन झाल्यावर भांडं ठेवता ठेवता म्हणाले, बुधवारी सकाळी टॅक्सी लवकर सांग. जाताना अकोट्यावरून जाऊ. हॉस्पिटल कारेलीबागेकडे आहे. अकोटा बरोब्बर उलट्या दिशेला. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते ताटात पाहत होते. तेव्हा मला ती वाकडी पट्टी आठवली. शुक्रवारी मी स्वतः दाबून बसवलेली. त्यांनी फोन लावला की नुसत्या आकड्यांवरून भाग ओळखला, मी विचारलं नाही. मी म्हटलं, बरं. आणि ते दाढी करायला गेले.

हे पत्र सानवी आणून देईल, दार तोंडावर लावू नकोस. आणि पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. बाबा तुझ्याशी बोलणार नाहीत, ते त्यांना जमत नाही. काही मागणार नाहीत. टॅक्सी तुमच्या फाटकापाशी येईल, काच खाली असेल आणि ते समोर बघत बसलेले असतील. मी ड्रायव्हरला दोनदा हॉर्न वाजवायला सांगणार आहे. तिथल्या मुलांना तो ऐकू येणार नाही, तुला येईल. आपल्या घरचा नियम तुला पाठ आहे, तिसऱ्याच्या आधी कुणी हलायचं नाही. पण इंद्रा, तिसरा हॉर्न वाजणार नाही. तू पहिल्यालाच ये.

तुझीच,
आई